गुरुवारी झालेली भेट

आमदारांचं पत्र दर शनिवारी मतदारसंघातल्या घराघरांत पोचायचं आणि ते लिहायची पत्रताई. तिचं पद कार्यालयीन सहायक, पण तसं म्हणून तिला कुणी कधी हाक मारली नाही. पत्रात वर आमदारांचा हसरा फोटो, खाली साथीच्या मदतीची माहिती: धान्याची पाकिटं कुठे मिळाली, लशीची गाडी कुठल्या चौकात उभी राहिली. शेवटी आपल्या भागातल्या बातम्या. लोक खरं तर तेवढ्याच वाचत.

पत्र सोमवारी लिहायचं, मंगळवारी छापायचं आणि शनिवारी वाटायचं. म्हणून आमदारांनी पहिल्याच वर्षी सांगून ठेवलं होतं, "आठवड्यात जे व्हायचंय ते झालं म्हणूनच लिहा. शनिवारी लोकांनी 'गुरुवारी होईल' असं वाचलं, तर म्हणतील आमदार झोपलाय." तेव्हापासून पत्रताई सोमवारी बसून गुरुवारची उद्घाटनं पार पाडायची, टाळ्यांसकट. हाताला इतकं वळण पडलं होतं की घरातल्या यादीतही ती 'दूध आणलं' असं लिहायची आणि मग पिशवी घेऊन निघायची.

साथ येईपर्यंत हे बिनबोभाट चाललं. तोवर गुरुवार सांगितल्यासारखा वागायचा.

त्या सोमवारी आरोग्य अधिकाऱ्यांनी फोनवर सांगितलं, की वृद्धाश्रमातल्या भेटी गुरुवारपासून सुरू. अगदी पक्कं. पत्रताईने फोन ठेवला. तिचे वडील त्याच वृद्धाश्रमात होते. न्हाणीघरात दोनदा पडले, घरात दिवसभर कुणी नाही, म्हणून चौदा महिन्यांपूर्वी तिनेच त्यांना तिथे नेऊन सोडलं होतं. फाटकाशी चार लोकांसमोर ते म्हणाले होते, "आजपासून मला मुलगी नाही." आठवड्याभरात साथ आली आणि फाटक बंद झालं. त्यानंतर दर रविवारी फोन, पण बोलणं सगळं पाणी आलं का, पंखा दुरुस्त झाला का, असलं. त्या वाक्याला दोघांनीही हात लावला नाही. समोरासमोर बसलो की लावू, असं तिने मनाशी धरलं होतं, आणि त्याच ओढीने तिने लिहिलं: 'गुरुवारी वृद्धाश्रमाच्या अंगणात भेटी झाल्या. चौदा महिन्यांनी आईवडील आणि मुलं समोरासमोर बसली. अनेकांचे डोळे पाणावले.'

बुधवारी दुपारी वृद्धाश्रमातल्या दोन कामवाल्या आजारी पडल्या आणि आश्रमाने भेटी रद्द केल्या. पत्रं तोवर गठ्ठे बांधून निघून गेली होती.

शनिवारी कार्यालयातला फोन सकाळपासून बोंबलत होता. एका बाईला विचारायचं होतं, की सगळ्यांना भेटायला बोलावलं, मग मलाच का नाही. एक गृहस्थ म्हणाले, "माझा भाऊ परस्पर जाऊन भेटून आला, आणि आता नाही म्हणतोय." पत्रताई ज्याला त्याला सांगत होती, की भेटी झाल्याच नाहीत. "मग तुमच्याच पत्रात कसं आलं?" यावर तिच्याकडे उत्तर होतं, पण ते ऐकल्यावर माणूस आणखीच गोंधळायचा.

तिने आरोग्य अधिकाऱ्यांना फोन लावला. ते म्हणाले, "झाल्या की भेटी. मी वर कळवलंसुद्धा."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमचं पत्र आलंय ना समोर."

पत्रताईने कपाळाला हात लावला आणि आमदारांच्या खोलीत गेली. म्हणाली, दुरुस्ती छापूया. आमदारांनी चष्मा काढला. "एक दुरुस्ती छापली, तर लोक बाकीचं तरी खरं कशावरून म्हणतील. पाकिटं वाटली ना आपण?"

"वाटली असतील."

"असतील म्हणजे?"

"साहेब, ते मी सोमवारी लिहिलंय."

आमदार स्वतःच्या फोटोकडे बघत बसले. आपण या आठवड्यात नक्की काय काय केलं, हे त्यांनाही आता सांगता येईना.

तेवढ्यात वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकबाईंचा फोन आला. त्या दर शनिवारी जेवणाच्या खोलीत पत्र मोठ्याने वाचून दाखवायच्या. आज वाचता वाचता शेवटापर्यंत गेल्या, मग काय वाचलं ते त्यांच्या ध्यानात आलं. "निम्म्यांना वाटतंय, आपल्याच घरचं कुणी आलं नाही," त्या म्हणाल्या. "आणि निम्म्यांना वाटतंय, आलं होतं, आपणच विसरलो. सांगून सांगून दमले मी. तुमचे वडील दुसऱ्यातले. ताटावरून उठले ते बोलतच नाहीत. मघाशी एवढंच म्हणाले, की माझं डोकं गेलंय, मला वरच्या मजल्यावर हलवा."

वरच्या मजल्यावर स्वतःचं नावही न आठवणारी माणसं राहत.

वडील छापखान्यात चाळीस वर्षं अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवत होते. त्यांना आजही जुन्या मालकाच्या सगळ्या मुलांचे वाढदिवस पाठ होते. पण छापून आलेलं खोटं असू शकतं, हे त्यांच्या डोक्यात शिरणं कठीण होतं. ती पर्स उचलून निघाली.

"भेटी बंद आहेत," व्यवस्थापकबाई फाटकाशी म्हणाल्या. "पण मागच्या बाजूला खिडकी आहे. तिथे बाहेर कोण उभं राहतं ते काही मी बघत बसत नाही."

खिडकीची काच बंद होती. आत वडील खुर्चीवर बसले होते. बारीक झाले होते. तिने बाहेरून फोन लावला, त्यांनी आतून उचलला.

"बाबा, गुरुवारी भेट झाली नाही. कुणाचीच नाही. ते मी आधीच लिहून ठेवलं होतं."

"छापून आलंय," ते म्हणाले.

"मी चूक केली."

"तू माझी समजूत काढतेस." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "डोळे पाणावले, असं लिहिलंय. तुझे पाणावले का माझे? दोन दिवस झाले नाहीत आणि मला तुझा तेव्हाचा चेहरासुद्धा आठवत नाही, कुठल्या बाजूला बसली होतीस ते आठवत नाही."

"बसलेच नव्हते, बाबा." तिला रडू फुटलं आणि रागही आला, स्वतःचा आणि त्या मेल्या गुरुवारचा. "मी शपथ घेऊन सांगते."

"तेव्हा तू काही बोललीस का?"

"कधी?"

"भेटीत."

हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर त्यांना पटत नव्हतं. काचेवर तिच्या श्वासाची वाफ धरली, ती तिने पदराने पुसली.

वडील पुढे वाकले. "एक खरं सांग. लपवू नकोस. फाटकाशी मी जे बोललो होतो, त्याची मी माफी मागितली का?"

"नाही," ती म्हणाली.

"मुळीच नाही?"

"नाही, बाबा."

ते हळूहळू खुर्चीत मागे टेकले. इतका वेळ वर ओढून धरलेले त्यांचे खांदे खाली आले.

"मग नाही झाली भेट," ते म्हणाले. "झाली असती तर मी पहिलं तेच केलं असतं."