आधी बोंजूर

लोरेटा कीनने कॅन्ससमधल्या एका लहानशा गावात अडतीस वर्षं पोरांना फ्रेंच शिकवलं, आणि स्वतः फ्रान्सला आली ती एकाहत्तराव्या वर्षी. आधी नवऱ्याच्या आजारपणात राहून गेलं, मग गुडघ्यांपायी. आता आली ती एकच हौस उराशी धरून: इथल्या कुणीतरी आपल्याशी फ्रेंचमध्ये बोलावं, आपल्यातलीच समजून.

पण पॅरिसचे लोक कसले खमके! पाच दिवसांत एकही बधला नाही. हिने फ्रेंचमध्ये पाव मागावा, बेकरीवालीने इंग्रजीत उत्तर द्यावं. हॉटेलातला माणूस तर हिने तोंड उघडण्याआधीच इंग्रजी सुरू करी.

"अगं, त्यांचा वेळ वाचतो," सोबत आलेली धाकटी बहीण वांडा म्हणाली. "एवढं काय मनाला लावून घेतेस?"

लोरेटाला लागलंच होतं. अडतीस वर्षं आपण पोरांना भलतंच काहीतरी शिकवलं की काय, ही शंका तिला पोखरत होती.

शेवटचा दिवस व्हर्सायच्या राजवाड्याचा होता, दुसऱ्या दिवशी परतीचं विमान. दारातच एका तरुणाने तिच्या हातात इंग्रजी बोलणारं यंत्र कोंबलं. लोरेटाने ते मुकाट्याने गळ्यात अडकवलं. आरसेमहालात मात्र ती सगळं विसरली. खिडक्यांतून ऊन आत येत होतं, समोरच्या आरशांत बाग हलत होती, आणि म्हातारी तोंड उघडं टाकून उभी होती.

पुढची खोली राणीची. ही खोली तिने दर वर्षी फळ्यावर काढली होती. पलंगाच्या डाव्या अंगाला, भिंतीच्या रेशमातच लपलेलं एक दार. क्रांतीच्या वेळी जमाव चालून आला तेव्हा राणी त्यातूनच निसटली. पण आज पलंगासमोर दोन बसभरून माणसं मोबाइल उंचावून उभी, दार काही दिसेना. कोपऱ्यात खुर्चीवर एक साठीची पहारेकरीण बसली होती. लोरेटा गर्दीतून वाट काढत तिच्यापुढे पोचली आणि धापा टाकत फ्रेंचमध्ये म्हणाली, "ते दार कुठंय?"

पहारेकरणीने सावकाश मान वर केली. "आधी बोंजूर, मॅडम."

लोरेटा कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली. बोंजूर म्हणून नमस्कार न करता प्रश्न विचारणाऱ्या पोराला ती वर्गाबाहेर काढी आणि पुन्हा आत यायला लावी. अडतीस वर्षांत तिने हा नियम एकालाही मोडू दिला नव्हता.

पहारेकरणीची गाडी सुटली होती, फ्रेंचमध्ये, भरधाव. "दिवसभर हेच बघतेय मी! हे कुठंय, ते कुठंय! मी काय खांब आहे इथला? बाहेरदेशच्या लोकांना मी काही म्हणत नाही, त्यांना बिचाऱ्यांना ठाऊक नसतं. पण तुम्ही! तुम्हाला घरी कुणी शिकवलं नाही?"

लोरेटा वळली आणि उलट्या दिशेने गर्दीत घुसली. लोकांचे धक्के खात खोलीच्या दारापर्यंत गेली आणि पुन्हा आत आली. पहारेकरणीसमोर ताठ उभी राहून म्हणाली, "बोंजूर, मॅडम."

पहारेकरीण बघतच राहिली, मग खो खो हसली. "बोंजूर, मॅडम! आता कसं! अहो, पण डोळ्यांत पाणी कशाला? एवढं काही बोलले नाही मी. कुठल्या तुम्ही? वर उत्तरेत, लिल्‌कडच्या का? माझ्या नणंदेची बोली अगदी अशीच आहे."

"कॅन्सस," लोरेटा म्हणाली.

"थट्टा करा म्हातारीची!" पहारेकरणीने हात उडवला आणि आपल्या नणंदेचं पुराण लावलं. दहा मिनिटं ती बोलली, लोरेटा मधूनमधून हुंकार देत राहिली. इतकं सुख तिला कितीतरी वर्षांत झालं नव्हतं.

जिन्यापाशी वांडा ताटकळत उभी होती. "ती बाई तुझ्यावर खेकसत होती ना? मी लांबून पाहिलं. काय उद्धट माणसं!"

"खेकसली," लोरेटा म्हणाली. तिचं हसू काही थांबेना. "बाहेरदेशच्यांना काही म्हणत नाही, म्हणाली. पण तुम्ही!"

"बरं, ते दार कसं होतं?"

लोरेटा थबकली. "अगं बाई, ते बघायचं राहिलंच की."