एकेचाळीस खिळे

ऑक्टोबरच्या चोवीस तारखेस, शनिवारी, सकाळी ठीक दहा वाजता, बंद पडलेल्या छापखान्यामागच्या गल्लीत, दुमजली इमारतीच्या वरच्या मजल्यावरील दोन खोल्यांची तपासणी व्हायची होती. तपासणार होत्या एका मोठ्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या मेट्रनबाई. तपासले जाणार होते पुस्तके बांधणारा एक बाइंडर आणि त्याची बायको, त्या खोल्यांचे एकोणीस वर्षांचे भाडेकरू. मौज अशी की, बाईंना ह्या खोल्यांशी काहीच कर्तव्य नव्हते. आपली स्वतःची जागा ह्या जोडप्याला भाड्याने द्यावी की नाही, हे ठरवायला त्या इथे येणार होत्या.

सात वर्षांपूर्वी बाइंडरने धाकट्या भावाच्या छपाईयंत्राच्या कर्जाला जामीन म्हणून सही केली होती. यंत्र बंद पडले, भावाने तोंड फिरवले, आणि बाइंडरची पत जी घसरली ती पुन्हा वर आली नाही. कर्ज त्याने फेडले होते. नोंद तशीच राहिली होती. आता इमारत विकली गेली होती आणि महिनाअखेर खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. चार घरमालकांनी त्याच्या क्रेडिट स्कोरचा आकडा पाहिला आणि चौघांनाही अचानक आपापले पुतणे आठवले, ज्यांना जागा हवी होती.

"काका, माणूस म्हणून तुम्ही लाख आहात," दलाल म्हणाला होता, "पण ते कॉम्प्युटरला कोण सांगणार?"

जागा न मिळाल्यास काय, हेही ठरून गेले होते. बाइंडरने आपल्या बांधणीच्या कारखान्याच्या मागच्या खोलीत, कागदाच्या रिमांशेजारी झोपायचे आणि बायकोने शिलाई मशीन घेऊन बहिणीकडे जायचे. लग्नाच्या बावीस वर्षांनंतर दोघांनी दोन पत्ते लिहायचे! बायको हे हसून सांगे. पण सांगताना हातातल्या कपड्याची घडी उगाच पुन्हा उलगडून घाली.

पाचवी जागा मेट्रनबाईंची. पहिल्या भेटीला बाइंडर बायकोसह, आपले निवेदन घेऊन गेला. चौदा पाने, मुद्द्यांना क्रमांक, शेवटी बँकेच्या पत्रांच्या प्रती. आणि हे सारे जुजबंदीने दोऱ्यात शिवून, निळ्या कापडात बांधून, वर सोनेरी अक्षरांत 'पतविषयक खुलासा' असे छापलेले. बाईंनी ते पुस्तक हातात तोलले.

"बांधणी छान आहे."

"आत सगळं स्पष्ट केलंय. सहावा मुद्दा विशेष पाहावा. जामीनदार आणि कर्जदार ह्यांच्यात बँक जो भेद करत नाही, तो मुळात तर्काला धरून कसा नाही, ते तिथे—"

"अहो, पुरे की," बायको पुटपुटली.

"मी पस्तीस वर्षं केसपेपर वाचले," बाई म्हणाल्या. "त्यात सगळेच पेशंट शहाणे असतात. आमच्याकडे पद्धत होती. नवी नर्स कशी आहे हे बघायचं, तर ती ज्या वॉर्डातून आली तो वॉर्ड जाऊन बघायचा. नव्या जागी सगळेच नीट वागतात हो. तुम्ही सोडताय ते घर मला दाखवा."

बाइंडरला हा युक्तिवाद इतका निर्दोष वाटला की तो वाद घालायचेच विसरला. मात्र घरी येऊन त्याने जे केले, ते त्याच्यासारख्यालाच सुचावे. फाटक्या पोथीचे पान सांधताना सांधा दिसू द्यायचा नाही, ही त्याची आयुष्यभराची शिस्त. ती त्याने घराला लावली. चार दिवसांत भिंतींतला एकूण एक खिळा उपटला, भोके पुट्टीने बुजवली, घासली, त्यावर जुन्या रंगाशी बेमालूम जुळणारा हात फिरवला. दारांची बिजागरे तेल पिऊन मुकी झाली. बायको कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"आपण इथे राहत होतो ना? की मला भास होतोय?"

"बाईंना डाग दिसता कामा नये."

शनिवारी दहाच्या ठोक्याला बाई आल्या. ओट्याखाली वाकून पाहिले, खिडकीच्या वरच्या कडेवरून बोट फिरवले, मोरीचे झाकण उचलले. मग मधल्या खोलीत येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"किती वर्षं म्हणालात?"

"एकोणीस."

"इथे तर एकोणीस मिनिटंही कोणी राहिल्यासारखं वाटत नाही. जो बेड असा चकचकीत दिसायचा ना, त्याच्या गादीखाली मी पहिला हात घालायची. काय लपवलंत?"

बाइंडर गोरामोरा झाला. निवेदनात ह्या प्रश्नाचा मुद्दाच नव्हता. तो भिंतीकडे वळला आणि एका कोऱ्या जागेवर त्याने बोट टेकवले.

"इथे घड्याळ होतं. सात मिनिटं पुढे. ही सकाळी त्याच्याशी भांडायची, माझ्याशी नाही. इथे आईचा फोटो. त्याला दोन खिळे, कारण चौकट जड. इथे, हे बघा, एवढ्या खाली, मुलीचं दप्तर. दरवर्षी खिळा चार बोटं वर सरकायचा. असे नऊ. नववा हिच्या खांद्याशी आला, तेव्हा मुलगी म्हणाली, बाबा, आता मला हात पुरतो, पुरे करा. पुढच्या वर्षी ती परगावी शिकायला गेली." त्याचे बोट भिंतीवरून असे फिरत होते, जणू पुसलेली अक्षरे त्याला अजून वाचता येत होती. "दाराशी छत्रीचा. पावसाळ्यात दोन. कोपऱ्यात दोरीचा, मुलीला गोवर निघाला तेव्हा पडदा बांधायला मारला, तो पुढे काढवेना. एकूण एकेचाळीस. सगळे मीच मारले आणि मीच बुजवले."

गेल्या चार दिवसांत घर आवरताना जे त्याला जाणवले नव्हते, ते आता एकदम जाणवले आणि तो खिशात उगाच रुमाल चाचपू लागला.

"आणि हे," बायको म्हणाली. तिने खिडकीखालची सतरंजी एका झटक्यात ओढली.

"अगं!"

"असू दे. बाईंनी विचारलंय."

सतरंजीखाली फरशीत चार खळगे पडले होते, शिलाई मशीनच्या लोखंडी पायांचे; आणि त्यांच्यामागे दोन लांब चरे, खुर्ची मागेपुढे सरकून पडलेले.

"अशी फरशी आता कोणी करत नाही," बाइंडर खालच्या आवाजात म्हणाला. "गावभर हिंडलो. मिळाली असती तर बदलली असती. इथल्या मालकांना, जागा सोडायचं ठरलं त्याच दिवशी दाखवलंय. तुमच्यापासून मात्र झाकलं. ते चुकलं."

मेट्रनबाई गुडघ्यावर हात टेकून हळूहळू खाली बसल्या. एका खळग्यात त्यांनी अंगठा घालून पाहिला.

"किती वर्षांचं हे?"

"सगळीच्या सगळी," बायको म्हणाली. "मुलीचे गणवेश इथेच शिवले. लोकांचेही. यांचं कर्ज फिटलं तेही इथेच बसून."

"आणि माझ्याकडे मशीन कुठे ठेवणार?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिले. प्रश्न 'ठेवाल का' असा नव्हता, हे दोघांच्याही ध्यानात आले होते. पण बाइंडरने, जन्मात प्रथमच, त्यावर भाष्य केले नाही.

"पूर्वेच्या खिडकीशी," ती म्हणाली. "सकाळचा उजेड तिथे येतो. त्या दिवशीच बघून ठेवलं होतं."

बाईंनी उठण्यासाठी हात पुढे केला. बाइंडरने त्यांना आधार देऊन उभे केले. त्यांनी पदर झटकला, पिशवीतून निळ्या कापडातले पुस्तक काढून त्याच्या हाती परत दिले आणि जिन्याकडे वळता वळता म्हणाल्या,

"घर तुम्हाला दिलं. एक तारखेला सामान आणा, आणि खिळे लागतील तेवढे मारा."