दुसरा नमुना

"त्यातल्या एखाद्याला तरी मी आठवत असेन का हो?"

इस्पितळाच्या खाटेवर तीन उशांना टेकून बसलेल्या बायकोने हे विचारले, तेव्हा तो तिचा चमचा धूत होता. नाकातल्या नळीमुळे तिचा आवाज सर्दी झाल्यासारखा येत असे. प्रश्न कोणाविषयी आहे हे विचारायची गरज नव्हती. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत तिने जन्मभर पाळणाघर चालवले होते. गल्लीतली, पलीकडच्या वसाहतीतली, कुठकुठली मुले सकाळी तिच्या हवाली होत आणि संध्याकाळी आपापल्या घरी जात. मुले तिला मावशी म्हणत, मुलांचे आईबाप मावशी म्हणत, आणि पुढे पोस्टमनही मावशीच म्हणू लागला.

"आपल्याकडे कुठल्या वयापर्यंत असायची मुलं?" त्याने चमचा पुसत विचारले.

"जसं काही तुम्ही त्या घरात राहतच नव्हता! रांगती यायची, शाळेत घातली की जायची. साडेतीन, फार तर चार."

"मग नाही आठवणार," तो म्हणाला. "त्या वयातलं कोणालाच आठवत नाही. मेंदू तेव्हा तसं साठवून ठेवतच नाही. सिद्ध झालेलं आहे ते. त्यात तुझा काही दोष नाही."

शेवटचे वाक्य त्याने सांत्वन म्हणून जोडले होते.

एरवी ती भांडली असती. तो काँक्रीट तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होता. बांधकामावरून आलेले ठोकळे यंत्राखाली दाबून फोडायचे आणि कितीचा भार सोसला ते लिहायचे, हे त्याचे काम. एका ठोकळ्यावरून निकाल द्यायचा नाही, हा तिथला नियम तो घरीही पाळत असे. शेजारीण चांगली आहे म्हटले की "दोनदा भेटलीस फक्त", गोळीने बरे वाटले म्हटले की "गोळीनेच कशावरून?" लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिने त्याचे नाव शंकासुर ठेवले, आणि या शंकासुराला ती रोज मनापासून झोडपून काढत असे. आज मात्र ती नुसते "बरं" म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "म्हणजे सगळ्या पाण्यावरच्या रेघा." आणि तिने तोंड खिडकीकडे फिरवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीने त्याला वॉर्डाबाहेर गाठले.

"काय बोललात आईला? कालपासून गप्प आहे. सूप नको म्हणाली. माझ्याशी धड बोलत नाही."

त्याने जसे घडले तसे सांगितले.

"बाबा! अहो, 'आठवत असशील' म्हणायला काय जात होतं तुमचं?"

"खोटं बोललो की तिला कळतं."

"कळू दे ना! कळलं तरी बोलायचं असतं. डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंत ना? हृदय थकलंय, आता दिवसांचा प्रश्न आहे. या दिवसांत तरी खरं-खोटं करू नका."

मुलगी आत गेली. तो बाकावर बसून राहिला. आपण खरे बोललो याविषयी त्याच्या मनात शंका नव्हती. शंका वेगळीच होती, आणि ती रात्रभर टोचत होती. जे उत्तर त्याने दिले ते पुस्तकातले होते. मुले ही तिने वाढवलेली, ती याच शहरात मोठी झालेली. त्यातल्या एकालाही न विचारता त्याने निकाल देऊन टाकला होता. प्रयोगशाळेत कोणी असे केले असते तर त्याने त्याला उभे आडवे घेतले असते.

तो आत गेला. "मी जरा जाऊन येतो."

"कुठे आता?"

"काम आहे."

"तुम्हाला कसलं काम निवृत्तीनंतर," ती म्हणाली. मग खिडकीकडे पाहतच म्हणाली, "लवकर या."

पहिला माणूस सोपा होता. बाजारपेठेत चष्म्याचे दुकान चालवणारा एक पोरगेला गृहस्थ लहानपणी त्यांच्याच दारातून आतबाहेर करत असे. शंकासुर काउंटरसमोर उभा राहिला आणि त्याने सरळ प्रश्न विचारला.

"पाळणाघर? हो हो, होतो म्हणे मी," चष्मेवाला म्हणाला. "आई सांगते. मी सगळ्यांना चावायचो म्हणे. मावशींनाही चावलो होतो. खरं का?"

"आई सांगते ते सोडा. तुम्हाला स्वतःला काय आठवतं?"

"मला?" त्याने प्रामाणिकपणे डोळे मिटून पाहिले. "नाही हो काका. काहीच नाही. मावशी बऱ्या आहेत ना?"

दुसरी एक शाळामास्तरीण निघाली. ती मधल्या सुट्टीत बाहेर आली आणि प्रश्न पुरा होण्याआधीच तिचा चेहरा उजळला. "म्हणजे काय! सगळं आठवतं मला. मावशी किती प्रेमळ! आणि अंगणातला तो झोका! मी उतरायचीच नाही, मावशी म्हणायच्या, अगं, बाकीच्यांना दे की!"

पाळणाघराला अंगण नव्हते, झोकाही नव्हता. दोन खोल्या, एक न्हाणीघर आणि रस्त्यावर उघडणारे दार, एवढाच सगळा पसारा. मास्तरीण खोटे बोलत नव्हती. तिने दुसऱ्या कुठल्या तरी झोक्यावर मावशीला आणून बसवले होते. त्याने तिचे आभार मानले. शाळेच्या फाटकातून बाहेर पडताना क्षणभर त्याच्या मनात आले, हेच घेऊन जावे. झोका गाळून बाकीचे सांगावे. पण ती लगेच विचारणार, अजून काय म्हणाली? आणि आपण गडबडणार. बसमध्ये बसल्यावर तो विचार त्याने सोडून दिला.

तिसऱ्याकडे तो खरे म्हणजे विचारायला गेलाच नव्हता. इस्पितळासमोरच्या औषधांच्या दुकानातून कापूस घ्यायचा होता. दुकानदार जेवून नुकताच आला होता आणि पांढरा कोट चढवत होता. हाही पाळणाघरातलाच; इस्पितळातल्या पहिल्या दिवशी मावशीने खिडकीतून दाखवला होता, "तो बघा आपला रडका, केवढा झालाय." शंकासुर कापूस मागणार तोच थांबला.

दुकानदार कोटाची बटणे लावत होता. अंगठा आणि मधले बोट यांनी तो बटण काजात सरकवत होता, आणि उजव्या हाताची तर्जनी ताठ वर उभी होती.

मावशीची तर्जनी अशी होती. लग्नाआधी दाराच्या फटीत सापडून तिचा सांधा कायमचा आखडला होता. बोट वाकतच नसे. त्यामुळे बटणे, नाड्या, बाटल्यांची झाकणे, सगळे ती अंगठा आणि मधल्या बोटाने करी, आणि ते एक बोट कोणाला तरी दम भरत असल्यासारखे वर राही. पाळणाघरातून शाळेत जाण्यापूर्वी प्रत्येक मुलाला स्वतःची बटणे स्वतः लावता आलीच पाहिजेत, हा तिचा हट्ट होता. मुलासमोर मांडी घालून बसायची आणि लावून दाखवायची.

"तुमच्या बोटाला काही लागलं होतं का?" त्याने विचारले.

"कुठल्या? ह्या?" दुकानदाराने तर्जनी वाकवून दाखवली. ती छान वाकत होती. "नाही हो. बटणं अशीच लावतो मी. बायको हसते. म्हणते, सकाळी सकाळी कोणाला ताकीद देताय?"

"कोणी शिकवलं?"

"बटणं लावायला? ते काय कोणी शिकवतं का काका? येतंच की ते."

मावशीचे नाव काढल्यावर तो फक्त "असेन, आई म्हणायची खरं" एवढेच म्हणाला. त्याला आठवत काही नव्हते.

कापूस खिशात घालून शंकासुर फूटपाथच्या कडेला आला. समोर रस्त्यापलीकडे इस्पितळ होते, दुसऱ्या मजल्यावर तिची खिडकी दिसत होती. धडधाकट बोटाच्या माणसाने आखडलेल्या बोटाची नक्कल करावी, याला योगायोग म्हणणे अवघड होते. चांगली सवय दहा ठिकाणांहून लागू शकते. पण व्यंगाची नक्कल होते तेव्हा मूळ कुठे आहे ते सांगता येते.

रस्ता ओलांडायला त्याने पाऊल उचलले आणि तिचा आवाज त्याच्या कानात आला. "एकाच माणसावरून? आणि तुम्ही हे सांगताय, शंकासुर?" ती अगदी असेच म्हणणार होती. नाकात नळी असली तरी म्हणणार होती. एकाच्या जोरावर आशा दाखवायची आणि तिनेच ती मोडून काढायची, हे पुन्हा कालच्यासारखेच झाले असते. या खेपेला तिच्यापुढे ठेवायचे ते पक्के हवे होते. चष्मेवाल्याला तर काहीच आठवत नव्हते. म्हणजे तपासायला तो अगदी योग्य माणूस होता. बाजारपेठेची बस थांब्याला लागली होती. तो बसमध्ये चढला.

दुकानात शिरण्यापूर्वी त्याने सवयीप्रमाणे फोन बंद केला. चाचणी चालू असताना फोन चालू ठेवायचा नाही, ही जुनी शिस्त होती.

"परत आलात काका? चष्मा राहिला का?"

"एक विचित्र विनंती आहे. शर्टाची वरची बटणं काढा आणि परत लावा."

चष्मेवाला काउंटरवर वाकून हळूच म्हणाला, "काका, तुम्हाला बरं वाटतंय ना? पाणी देऊ?"

"कारण आधी सांगितलं तर उपयोग नाही. लावा."

म्हाताऱ्या माणसाचे मन मोडू नये म्हणून चष्मेवाल्याने बटणे काढली. आतले गिऱ्हाईक डोळ्यांच्या तक्त्यावरची नजर काढून पाहू लागले. मग त्याने बटणे लावायला घेतली. अंगठा आणि मधले बोट. तर्जनी वर.

शंकासुर मोठ्याने हसला. त्याला इतक्या मोठ्याने हसताना त्या दुकानातच काय, घरीही फारसे कोणी पाहिले नव्हते. मग त्याने कारण सांगितले. चष्मेवाल्याने एक बटण काढून पुन्हा लावले, या वेळी स्वतःच्या हाताकडे पाहत.

"म्हणजे मला मावशी आठवतात म्हणायचं का?"

"ते मला सांगता येणार नाही," तो म्हणाला. "हे कुठून आलं, एवढं सांगता येईल."

"मावशींना सांगा हं, मी विचारलंय म्हणून. आणि चावल्याबद्दल सॉरी म्हणावं."

बसमध्ये बसल्यावर त्याने फोन सुरू केला. मुलीचे फोन येऊन गेले होते, एकामागून एक. त्याने लावला. पलीकडे ती "बाबा" एवढेच म्हणाली, आणि पुढचे त्याला विचारावे लागले नाही.

वॉर्डात खाटेभोवती पडदा ओढलेला होता. नाकातली नळी काढली होती, त्यामुळे ती त्याला अनेक दिवसांनी पूर्वीसारखी दिसली. मुलगी खाटेच्या कडेला बसली होती. ती उठली नाही.

"कुठे होतात?" तिने विचारले. "दोनदा विचारलं तिने तुमच्याबद्दल. मी म्हटलं, येतायत, आलेच. शेवटी तेही म्हणायचं सोडलं मी."

"केव्हा गेली?"

"तुमचा फोन बंद होता तेव्हा."

म्हणजे तो फूटपाथच्या कडेला उभा होता, तेव्हा ती वर जिवंत होती आणि त्याची वाट पाहत होती. या हिशेबात कुठे शंकेला जागा आहे का, हे त्याने पुन्हा पुन्हा तपासून पाहिले. नव्हती.

"तिने मला एक गोष्ट विचारली होती," तो म्हणाला. "मी न तपासता उत्तर दिलं. ते तपासायला गेलो होतो."

"मिळालं?"

"हो. समोरच्या दुकानातच मिळालं."

मुलीने वर पाहिले. "समोरच्या? मग तिथूनच वर का नाही आलात बाबा?"

"तोपर्यंत एकच होता," तो म्हणाला.

मुलगी ओरडेल असे त्याला वाटले. ओरडली असती तर बरे झाले असते. तिने ओढणीने तोंड पुसले आणि पायाने स्टूल पुढे सरकवले.

"सांगा," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांगा."

तो बसला. मेलेल्या माणसाला ऐकू येत नाही, याविषयी त्याचे मत जन्मभर जे होते तेच त्या क्षणीही होते. तरी स्टूल त्याने मुलीच्या समोर न ठेवता थोडे खाटेकडे वळवले, घसा साफ केला आणि सांगायला सुरुवात केली. चष्मेवाल्याने डोळे मिटून पाहिले ते सांगितले. मास्तरणीच्या झोक्याचे सांगितले आणि तो का धरायचा नाही तेही सांगितले. त्याचा आवाज सपाट होता, आणि तो काहीही गाळत नव्हता.

वॉर्डातली आया घडी घातलेली चादर घेऊन पडदा सारून आत आली. मुलीने हात किंचित वर करून तिला थांबवले. आयाने एकदा त्याच्याकडे आणि एकदा खाटेकडे पाहिले, चादर छातीशी धरली, आणि त्याचे सांगून होईपर्यंत ती पडद्याशी उभी राहिली.