तिरक्या फळीवरचं पाणी

संगणकातला पंखा धड आहे की नाही, हे वहिनींना नुसत्या आवाजावरून कळायचं. गल्लीभर त्यांना वहिनीच म्हणत, दुरुस्तीला आलेली गिऱ्हाईकंसुद्धा. पण या वेळी कानावर भागणार नव्हतं. ग्रंथालयातले अठरा संगणक तापून बंद पडत होते, आणि त्यांतले जुने पंखे साफ करून, तेल घालून पुन्हा बसवले होते काकांनी. पकड हातात कशी धरायची इथपासून वहिनींना शिकवलं ते याच काकांनी. आता त्यांचे हात थरथरायचे. ‘म्हाताऱ्याने माती खाल्ली’ असं ग्रंथालयात बोलून झालं होतं, आणि पंखे तपासून अहवाल द्यायचं काम वहिनींकडे आलं होतं. पंखे कमजोर निघाले तर काकांचं काम बंद, हे ठरल्यातच जमा होतं. आणि काम सुटलं की काका खचणार, याची वहिनींना धास्ती होती.

म्हणून त्यांनी घरीच दाबमापक बनवलं. पुठ्ठ्याचं खोकं चिकटपट्टीने हवाबंद केलं. एका बाजूला पंख्यापुरतं भोक, दुसऱ्या बाजूला पारदर्शक नळी. ती खाली वाकवून तिरक्या फळीवर चढवलेली तिच्यात शाईचं पाणी, शेजारी मोजपट्टी. पंखा खोक्यात हवा कोंबणार, पाणी नळीत सरकणार. एवढ्याशा पंख्याचा दाब तो केवढा! उभ्या नळीत पाणी जेमतेम हललं असतं, तिरक्या नळीत चांगलं तीन बोटं सरकत होतं.

ओट्यावर फळी ठेवून नवाकोरा पंखा लावला. पाणी पन्नासाव्या रेघेवर गेलं. मग स्वयंपाकाला ओटा हवा म्हणून सगळं बिऱ्हाड खिडकीजवळच्या टेबलावर हलवलं, पट्टी सरकवून शून्य जुळवलं आणि ग्रंथालयातून काढून आणलेले काकांचे अठरा पंखे एकेक करून लावायला घेतले. चाळीस. एकेचाळीस. पुन्हा चाळीस. दोन तर तिसावरच अडकले. पन्नासाला एकही पोचेना. वहिनींचा चेहरा पडला. पण लपवाछपवी त्यांना कधी जमलीच नव्हती. त्यांनी फोन लावला.

“काका, पंखे कमी पडताहेत हो.”

काका म्हणाले, “मापात दिसलं ना? तसंच लिही. माझं तोंड बघून आकडा बदलू नकोस.”

फोन ठेवून वहिनी डोळे पुसताहेत तोच त्यांचे दीर चहाला आले. ते गवंडी.

“काय वहिनी, दारू गाळताय की काय?”

वहिनींनी सगळी कहाणी सांगितली. भाऊजी खाली बसले, एक डोळा मिटून टेबलाच्या कडेने पाहिलं. “टेबल कललंय.”

“मी शून्य जुळवलंय, भाऊजी.”

“शून्य जुळेल हो. पण फळीचा चढ वाढला ना! चढ वाढला की पाणी कमीच सरकणार. आमच्यात जागा बदलली की पहिलं माप परत घेतात, नाहीतर मिस्त्री सगळ्यांसमोर उद्धार करतो. नवा पंखा इथे लावून बघितलात?”

वहिनींनी जीभ चावली. नवा पंखा टेबलावर लावला. पाणी एकेचाळीसवर थांबलं.

म्हणजे सोळा पंखे नव्याच्या तोडीचे! वहिनींना काय करू नि काय नको असं झालं. भाऊजींच्या चहात त्यांनी दुप्पट साखर घातली आणि भाऊजींनी तो तक्रार न करता प्यायला.

दुसऱ्या दिवशी ते सोळा आणि दोन नवे पंखे बसवायला ग्रंथालयात गेल्या, तर सगळे संगणक भिंतीला पाठ टेकून बसवलेले. गरम हवा बाहेर पडणार कुठून? वीतभर पुढे ओढल्यावर दिवसभरात एकही बंद पडला नाही. ज्यांनी नावं ठेवली त्यांनीच काकांना पुढचं काम दिलं.

संध्याकाळी काकांनी अहवाल नाकाजवळ धरून वाचला.

“कमजोर दोन लिहिलेस?”

“लिहिलेत.”

“माझ्या उस्तादासाठी मला हे जमलं नसतं. मी ते दोन गिळून टाकले असते.”

“तुम्हीच तर फोनवर सांगितलंत.”

“सांगायला काय जातं!” काका हसले आणि त्या दोनपैकी एक पंखा उघडून, साफ करून पुन्हा जोडायला बसले. स्क्रू हातातून दोनदा निसटला. वहिनींनी तो उचलून दिला, स्वतः मात्र लावला नाही.

“काका,” त्या म्हणाल्या, “इतक्या वर्षांत कधी बोलले नाही. तुम्ही शिकवलंत म्हणून मी उभी आहे.”

काकांनी पंखा जवळ ओढला. तिसऱ्या खेपेला स्क्रू बसला.