बन्सीचा मका

खांद्यावर पंपाच्या पट्ट्याचा लाल वळ.

वाळून गेलेली मुगाची तीन रोपं.

शनिवार. शिंगणापूरची एस.टी. गच्च भरलेली.

पत्र्याचा डबा, रिकामा.

वळ भिमाजीच्या खांद्यावर. डबा त्याच्या धाकट्या भावाचा, बन्सीचा. १९७०च्या खरिपात राहुरीच्या शेती विद्यापीठातून विष्णुपंत आले, तण मारायची नवी पावडर घेऊन. दिली कुणाला? बन्सीला. पंधरा दिवसांनी सगळा गाव त्याचा मका बघायला येणार, फेटा बांधणार. भिमाजीच्या बांधावर आजवर कुत्रंसुद्धा कौतुकानं उभं राहिलं नव्हतं.

त्यानं चिमूटभर पावडर उचलून आधी स्वतःच्या बाजरीत पारख केली. बायकोनं, चांगुणानं, बाजरीच्या ओळींमध्ये हातानं टाकलेल्या मुगाच्या तीन रोपांवर. आठवड्यात रोपं खलास. भिमाजीला वाटलं, मक्याचंही हेच होणार.

बन्सी बायकोला घेऊन देवाला गेला, तेव्हा भरदुपारी यानं सगळा डबा पंपात कालवला आणि भावाच्या मक्यावर मारला. डब्यावर लिहिल्याच्या दुप्पट दाट. घरी येऊन पोटभर जेवला.

पंधराव्या दिवशी गाव जमला, तेव्हा मका कमरेला लागत होता. हिरवागार, काळपट म्हणावा इतका. खाली तणाची काडी नाही.

"बन्सीराव, मी अर्ध्याच एकरावर मारायला सांगितलं होतं," विष्णुपंत म्हणाले. "अख्ख्या एकरावर मारलंत?"

"म्या कुठं? मी शिंगणापूरला गेल्तो. दादानं मारलं. वैनी म्हनली, खांदा सोलला त्याचा."

"दुप्पट मारलं हुतं!" भिमाजीच्या तोंडून निसटलं. "मंग ह्यो मेला कसा न्हाई?"

सगळे हसले. त्यांना ती गंमत वाटली.

"मका विष पितो, पण अंगात त्याचे तुकडे करून टाकतो," विष्णुपंत म्हणाले. "पचवतो म्हणा ना. मुगाला ते जमत नाही, या तणालाही नाही."

"भाऊ असावा तर असा," शेजारचा रंगनाथ म्हणाला. "आमचा आमच्या वावरात म्हशी सोडतोय."

गावानं आपल्यासाठी आणलेला फेटा बन्सीनं दादाच्या डोक्यावर बांधला आणि भरल्या डोळ्यांनी वाकून पाया पडला. मक्यानं विष पचवलं, तसं भिमाजीला हे पचवता येईना. फेटा मात्र त्यानं काढला नाही.

वाटणीच्या वेळी पहिली निवड थोरल्या भिमाजीची होती आणि हे वावर तणकटाचं म्हणून त्यानंच सोडलं होतं.