भट्टीवरून उठवलेला जावई

लोखंड वितळवण्याच्या कारखान्यात तो साच्यांत रस ओतायचा. अंगाने धिप्पाड, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. भट्टीसमोर अंगाची लाही लाही होई, पण पाणी प्यायला जागा सोडणं त्याला कमीपणाचं वाटे.

वर्षभरापासून सासूबाई त्याच्याकडेच राहायला होत्या. त्यांचं सगळीकडे बारीक लक्ष असे. त्यांच्यामागे तो त्यांना 'पहारेकरी' म्हणायचा आणि बायको हसू दाबायची.

ऐन उन्हाळ्यात शिळं काहीतरी पोटात गेलं आणि त्याला जुलाब लागले, तापही भरला. तरी दुसऱ्या दिवशी तो कामावर निघाला, कारण एक माणूस कमी पडला की ओतकाम अडतं. डोळ्यांखाली सूज दिसतेय, म्हणत सासूबाईंनी त्याला दारातच अडवलं. झोप झाली नाही, एवढं सांगून तो सटकला.

ती सूज मनातून जाईना, म्हणून दुपारी त्या थेट कारखान्यात पोचल्या. आत येऊ नका, असं मुकादमाने बजावल्यावर त्यांनी फाटकापाशी स्टूल मागून घेतलं आणि जावयाला बाहेर पाठवा म्हणून निरोप धाडला. सोबत्यांची थट्टा ऐकत तो धुमसतच बाहेर आला.

सासूबाईंनी हलक्या आवाजात विचारलं, "सकाळपासून लघवीला गेलात का?"

सासूने जावयाला विचारावा असा हा प्रश्न नव्हे. पण तो एकदाच गेला होता आणि तेव्हाही लघवी चहासारखी काळपट झाली होती, हे त्याला आठवलं.

"मग चला. लोक हसले तर हसू देत."

तो वाद घालणार, तोच त्याला भोवळ आली; त्यांनी त्याला तसंच दवाखान्यात नेलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी बायकोला समजावून सांगितलं. घामाने शरीर सुकलं होतं, त्यामुळे मूत्रपिंडांना रक्त कमी पडत होतं. त्यात पोटातल्या जंतूंचं विष रक्तात उतरलं आणि मूत्रपिंडांना सूज आली. दोन्हीपैकी एकच असतं तर कदाचित निभावलं असतं. आणखी उशीर झाला असता, तर मूत्रपिंडं कायमची गेली असती.

सलाईन आणि औषधांनी सूज हळूहळू उतरली. सासूबाई उशाशी बसून घोटाघोटाने पाणी पाजत आणि लघवी किती झाली ते नर्सला बिनदिक्कत सांगत. त्याला आता लाज वाटेनाशी झाली होती.

तो कामावर परतला तेव्हा मुकादमाने भट्टीजवळ पाण्याची टाकी बसवली होती आणि आळीपाळीने सावलीत बसायची सक्तीही केली होती.

आभार मानावेत असं त्याच्या फार मनात होतं, पण जीभ रेटत नव्हती. शेवटी एका संध्याकाळी सासूबाई भाजी निवडत होत्या, तिथे तो जाऊन बसला.

"तुम्ही आला नसतात, तर मी आज नसतो."

"मुलगी दिलीय तुम्हाला," त्या भाजीवरची नजर न काढता म्हणाल्या. "परत घ्यायची सोय नाही, म्हणून जपावं लागतं."

तो हसला. त्यांनी पदराने चष्मा पुसायला घेतला, आणि ते पुसणं काही संपेना. मग त्याने त्यांच्यासमोरची भाजी आपल्याकडे ओढली आणि निवडायला लागला.