पाळणाघराचा फोटो

“पोर न्हाई त्यात. दगूड हाय,” भागूबाई म्हणाल्या. फोटोवरचं बोट त्यांनी काढलं नाही.

डॉ. सुमैरा तांबोळींचा मोबाईल रेकॉर्डिंग करत होता. फोटो बाहत्तरच्या दुष्काळातला, काष्टीजवळच्या तलावाच्या कामावरचा. बाभळीला बांधलेले चार पाळणे, आणि एकाची दोरी धरलेली तरणी भागूबाई. ‘दुष्काळी कामांवरची पाळणाघरं’ हा सुमैराबाईंचा निबंध या फोटोवर आणि कामाच्या हजेरीपटावर उभा होता. त्यांच्या बाकीच्या एकोणीस निबंधांना कुत्रं विचारत नव्हतं. या एकाचा आधार मात्र जगभरातल्या एकशे त्रेसष्ट अभ्यासकांनी घेतला होता. सरकारनं दुष्काळाची दोन वर्षं मजूर बायांची पोरं सांभाळली, असं ते सगळे सुमैराबाईंच्या भरवशावर लिहीत होते. आज दुपारी प्रोफेसरपदाची मुलाखत होती, निवृत्तीआधीची शेवटची. तिथे ऐकवायला भागूबाईंचे दोन गोड शब्द हवे होते. फोटोतली बाई आपली आजी आहे, हे वर्गातल्याच एका मुलीनं गेल्या आठवड्यात सांगितलं होतं.

“दगड कशाला, आजी?”

“सायब येनार हुता तपासाया. मुकादमानं आमचीच लुगडी बांदली झाडाला. पोरं लई रडायची, म्हून दगडं घातली, झोळ पडाया. जीप गेली की समदं सोडायचं, परत यायची झाली की बांदायचं.”

“आणि एरवी पोरं कुठं असायची?”

“उनात. मातीच्या ढिगाआड.” भागूबाईंनी आता फोटोवरचं बोट काढलं. “माजी तान्ही आठ दिस आदी तितंच गेल्ती. पाजाया गेले, तर उठंना. मंग मुकादम म्हनला, तू रिकामीच हाईस, तू दोरी धर.”



गाडीत बसल्या बसल्या सुमैराबाईंनी पिशवीतून हजेरीपटाच्या झेरॉक्स बाहेर काढल्या. ‘पाळणेवाली’ अशी नोंद तीनच दिवस होती, आणि त्या तिन्ही पानांवर खाली तपासणी अधिकाऱ्याची सही होती. इतकी वर्षं हे डोळ्यांसमोर होतं. तीन दिवसांच्या नोंदीवर आपण दोन वर्षांचं पाळणाघर चालवलं! त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

त्यांनी प्राचार्य गहिनीनाथ सरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

“मॅडम, झाकली मूठ सव्वा लाखाची,” सर घाईघाईनं म्हणाले. “मुलाखत होऊ द्या. दुरुस्ती काय, पुढच्या महिन्यात करा की. कोण तुमच्या मागं लागलंय?”

ते काही खोटं बोलत नव्हते. पन्नास वर्षांत याबद्दल कुणीच कुणाच्या मागे लागलं नव्हतं.

नगरला मुलाखतीत बाहेरून आलेले तज्ज्ञ एकदम खुशीत होते. “तुमचा निबंध मी माझ्या पुस्तकातही घेतलाय. एकशे त्रेसष्ट संदर्भ! खेड्यातल्या कॉलेजात हे सोपं नाही. पुढे काय करताय त्यावर?”

दोन वाक्यं ठोकून दिली असती, तर पाच मिनिटांत पेढे आले असते. शेजारी बसलेले गहिनीनाथ सर त्यांच्याकडे टक लावून बघत होते.

“सर, ते पाळणाघर नव्हतंच,” त्या म्हणाल्या. मोबाईल टेबलावर ठेवून त्यांनी रेकॉर्डिंग लावलं.

भागूबाईंचं बोलणं संपलं. तज्ज्ञांचा चेहरा पार उतरला होता.

“मॅडम, हे मुलाखतीनंतर सांगता आलं असतं.”

“तेव्हा मी सांगितलं नसतं, सर. मी ओळखते मला.”

निवड झाली नाही. हात दाखवून अवलक्षण करून घेतलं, असं स्टाफरूममध्ये सगळे म्हणाले. सुमैराबाईंनी निबंध मागे घेतला आणि त्या एकशे त्रेसष्ट जणांना एकेक पत्र लिहायला बसल्या: माझ्यावर विसंबून तुम्ही जे लिहिलंत, ते चूक आहे. बहुतेकांनी उत्तर देण्याचीही तसदी घेतली नाही. केरळातल्या एका संशोधक बाईंनी मात्र उलट विचारलं, त्या बाळाचं नाव काय होतं?

हे विचारायचं सुमैराबाईंना सुचलंच नव्हतं. त्यांनी लगेच काष्टीला भागूबाईंना फोन लावला आणि विचारलं.



“नाव न्हाई ठिवलं,” भागूबाई म्हणाल्या. “पाऊस पडला की बारसं करू, मंग पाळन्यात घालू, म्हनलं हुतं.”